उघडू का? – उघडलीच!

ॲपलच्या सफारी या ब्राउझरच्या सेटिंग्ज उघडल्या की ‘जनरल’ नावाचं पान येतं आणि त्या पानाच्या तळाशी एक छोटा चौकोन असतो. चौकोनात खूण आधीच केलेली असते. शेजारच्या इंग्रजी वाक्याचा अर्थ असा: डाउनलोड झाल्यावर “सेफ” फायली उघडा. यातली अवतरणचिन्हं माझ्या पदरची नाहीत, कंपनीनंच घातलेली आहेत. खानावळीच्या पाटीवर ‘येथे “ताजे” मासे मिळतील’ असं लिहिलेलं दिसलं, तर आपण मुकाट्यानं वरणभात मागवू. सफारीच्या गिऱ्हाइकाला मात्र इतक्या वर्षांत त्या “सेफ”चा ठसका लागलेला नाही. कारण सरळ आहे. सेटिंग्जच्या तळापर्यंत पोचणारा माणूस एक तर इंजिनियर असतो, नाहीतर वाट चुकलेला असतो.

आता ही “सेफ” मंडळी कोण? यादी तिथंच बारीक अक्षरांत आहे. व्हिडिओ, चित्रं, आवाज, पीडीएफ, साधा मजकूर आणि झिपसारखी गाठोडी. गाठोडं कुणी सेफ ठरवलं आणि ते ठरवताना आत काय बांधलंय याची चौकशी कुणी केली, हे विचारायचं नाही. बांधलेलं आहे ना व्यवस्थित? मग सोडा!

ही सोय कुणा इंजिनियरला सुचली असेल असं मला वाटत नाही. ती त्याच्या आईला सुचली असणार. कारण डाउनलोड या प्रकाराबाबत घरोघरी विचारला जाणारा प्रश्न एकच असतो: “झालं म्हणतोय, पण गेलं कुठं?” हा प्रश्न संगणकाला उद्देशून असतो, पण उत्तर घरातल्या सर्वांत तरुण माणसानं द्यायचं असतं. तो कॉलेजात असला, झोपलेला असला किंवा कॅनडात असला तरी. ‘डाउनलोड्स नावाच्या फोल्डरमध्ये बघा’ हे उत्तर कुणालाही पटत नाही. आपण बिल मागितलं होतं, फोल्डर कुठं मागितला होता? मग तेच बटण पुन्हा दाबलं जातं. संगणक इमानदारीनं दुसरी प्रत आणतो, नावापुढे कंसात एक आकडा लावतो आणि शेजारी ठेवून देतो. गावाकडची जमीन सांभाळणारे एक निवृत्त गृहस्थ मला ठाऊक आहेत. त्यांच्या सातबाऱ्यावर नाव एकच आहे, पण संगणकावर सातबारे अकरा आहेत. त्यातला एकही त्यांनी अजून पाहिलेला नाही. अकरा वेळा डाउनलोड करून शेवटी ते तलाठ्याकडेच गेले.

अशा माणसासमोर फाइल आल्या आल्या आपण होऊन उघडली, तर तो दुवा देणार की सुरक्षेची चौकशी करणार? “बघा, हा संगणक कसा शहाणा आहे!” आपल्या वतीनं कुणीतरी काहीतरी उघडलं, हे कुणाच्या ध्यानातही येत नाही. पत्त्यावर आपलं नाव असलेलं पत्र दुसऱ्यानं फोडलं तर आपण सात पिढ्यांची भांडणं काढतो. ब्राउझरनं फोडलं तर पाच तारे देतो.

या शहाणपणाची पहिली ठळक फजिती फेब्रुवारी 2006 मध्ये झाली. जर्मनीतल्या मायकल लेन यांना सफारीत एक भोक सापडलं. एक झिप फाइल घ्यायची. तिच्यात नावापुढे चित्राचं किंवा व्हिडिओचं शेपूट लावलेली फाइल ठेवायची. प्रत्यक्षात ती असते शेल स्क्रिप्ट, म्हणजे संगणकानं एकामागून एक पाळायच्या हुकमांची यादी. अशा यादीच्या पहिल्या ओळीत एरवी एक ठरावीक चिन्हांची जोडी असते आणि त्यावरून सफारी ओळखायचा, की हे प्रकरण वेगळं आहे, मालकाला विचारावं. लेन यांनी दाखवलं, की ती पहिली ओळच गाळली तर सफारीला काही कळत नाही. म्हणजे ‘मी धोकादायक आहे’ असा कबुलीजबाब फाइलीनं स्वतःहून दिला तर ती धोकादायक, नाहीतर निर्दोष. इतकी उदार न्यायव्यवस्था आपल्याकडेही नाही. वर त्या गाठोड्यात एक छुपी चिठ्ठी ठेवता यायची: ही फाइल टर्मिनल या प्रोग्रॅमनं उघडावी. मॅक ती चिठ्ठी वाचायचा आणि पाळायचा. टर्मिनल म्हणजे अक्षरांत हुकूम घेणारा प्रोग्रॅम, जो वापरणाऱ्याच्या हक्कात बसेल ते सगळं करतो, त्याच्या सगळ्या फायली पुसणं धरून. तुम्ही फक्त एका पानावर गेलेला असता. पान उघडतं, झिप उतरते, गाठ सुटते, हुकूम सुटतात. तुमचा चहा अजून कपात असतो.

ॲपलनं 1 मार्चला डागडुजी केली. चौकोनातली खूण मात्र तशीच राहिली.

पाच वर्षांनी, मे 2011 मध्ये, मॅक डिफेंडर आला. नावावरून गृहरक्षक दल वाटतं, पण हा स्वतःच चोर. लोक गूगलवर चित्रं शोधत होते आणि शोधातल्या काही पेरलेल्या दुव्यांवरून एका पानावर जाऊन पडत होते. ते पान थयथयाट करायचं, की तुमच्या यंत्रात व्हायरस भरलेत. तेवढ्यात झिप यायची, सफारी ती “सेफ” म्हणून सोडायचा आणि आतला इन्स्टॉलर हात जोडून समोर उभा राहायचा. पुढे ‘कंटिन्यू’ माणसानंच दाबायचं होतं. आणि माणूस दाबायचा! आपलं यंत्र आजारी असल्याची बातमी आणि औषधाची बाटली एकाच मिनिटात दारात आली, याचा त्याला संशय येत नसे, आनंद होत असे. मग ते औषध अधूनमधून आपण होऊन नको त्या, म्हणजे सहकुटुंब बघता न येणाऱ्या वेबसाइटी उघडायचं, म्हणजे आजार खरा आहे याची यजमानाला खात्री पटावी. घरात त्या वेळी जी संभाषणं झाली असतील, त्यांचा इतिहास कुणी लिहिलेला नाही. शेवटी क्रेडिट कार्डाचा नंबर मागितला जायचा आणि लाजेकाजेस्तव दिला जायचा. ॲपलनं 31 मे रोजी त्यावर उतारा दिला. काही तासांत नवी आवृत्ती त्या उताऱ्याला वळसा घालून हजर झाली. चोरांकडे अद्ययावत राहण्याची ही जी शिस्त आहे, ती पाहून मला नेहमी संकोच वाटतो.

त्याआधी, 2008 मध्ये, नितेश धनजानी या सुरक्षा-संशोधकानं आणखी एक गंमत दाखवली होती. सफारी न विचारता फायली उतरवून घेतो, तेव्हा एखादं पान विंडोजच्या डेस्कटॉपवर शेकड्यांनी फायली ओतू शकतं. त्याला कार्पेट बॉम्ब असं नाव पडलं. ॲपलचं आधीचं म्हणणं असं, की ही सुरक्षेची बाब नाही, फार तर सुधारणेची सूचना समजू. मग मायक्रोसॉफ्टनंच सफारी जपून वापरा म्हणून पत्रक काढलं, कारण ओतलेल्या फायलींपैकी एखादी त्यांच्या इंटरनेट एक्स्प्लोररकडून चालवली जाऊ शकत होती. घाण एकाची, अंगण दुसऱ्याचं. जूनमध्ये दुरुस्ती झाली. हे पत्रक वाचताना मायक्रोसॉफ्टच्या कचेरीत किती पेढे वाटले गेले असतील, असं माझ्या मनात आल्याशिवाय राहत नाही.

कारण त्यांचा स्वतःचा इतिहास काही सोवळ्यातला नव्हता. फाइलीच्या नावाचं शेपूट लपवून ठेवायची पद्धत विंडोजनं 95 सालच्या आवृत्तीपासून चालवली आहे आणि आजही नवा संगणक घेतला की ती तशीच असते. ‘टीएक्सटी’, ‘ईएक्सई’ असली अक्षरं बघून सामान्य माणूस बावरतो, हा विचार. म्हणून 4 मे 2000 रोजी फिलिपीन्सच्या मनिलाहून निघालेली ‘लव्ह-लेटर-फॉर-यू डॉट टीएक्सटी’ ही फाइल जगभरच्या कचेऱ्यांत पोचली, तेव्हा तिच्या शेवटचं ‘डॉट व्हीबीएस’, म्हणजे चालवायच्या प्रोग्रॅमचं शेपूट, बहुतेकांना दिसलंच नाही. शेपूट कापलेलं होतं, उरलं ते प्रेमपत्र. वयाच्या पन्नाशीत, महिनाअखेरीच्या कामात बुडालेल्या माणसाला हेडऑफिसच्या साहेबाकडून प्रेमपत्र येतं आणि तो ते उघडतो, यात मला तांत्रिक दोष दिसत नाही. ब्रिटिश संसदेला ईमेल बंद ठेवावी लागली. तिथंही खासदारांनी पत्रं उघडलीच असणार. इथं निदान उघडणारा माणूस होता. पुढच्या वर्षी त्याचीही गरज उरली नाही.

18 सप्टेंबर 2001 ला निमडा नावाचा संगणकी किडा आला. त्याच्या ईमेलला ‘रीडमी डॉट ईएक्सई’ नावाची फाइल चिकटवलेली असायची, म्हणजे चक्क चालवायचा प्रोग्रॅम. पण ईमेलमध्ये प्रत्येक जोडपत्रासोबत त्याचा प्रकार सांगणारी एक पाटी असते. निमडा त्या पाटीवर लिहायचा: ध्वनी. इंटरनेट एक्स्प्लोररच्या जुन्या आवृत्त्यांचा विचार असा, की ध्वनी म्हणजे निरुपद्रवी, वाजवून टाकावा, मालकाला कशाला त्रास? म्हणून पाटी बघून परवानगी मिळायची आणि मग ती फाइल नावातल्या शेपटाप्रमाणे उघडायची. परवानगी ध्वनीची, अंमलबजावणी प्रोग्रॅमची. ईमेलवर नुसती नजर टाकायला यादीच्या शेजारच्या खिडकीत ती दिसली, तरी काम झालेलं असे. या दोषावरची दुरुस्ती मायक्रोसॉफ्टनं मार्चमध्येच दिलेली होती. साडेपाच महिने लोक काय करत होते? तेच, जे आपण आत्ता करतोय. ‘उद्या आठवण करा’ हे बटण दाबत होते.

तुम्हाला वाटेल, ही झाली आजोबांच्या काळातली गोष्ट. एप्रिल 2025 मध्ये विंडोजवरच्या व्हॉट्सॲपबद्दल त्याच्या मालक कंपनीनं, मेटानं, जाहीर केलं, की जोडपत्र दाखवताना आम्ही पाटी बघत होतो आणि उघडताना शेपूट. म्हणजे समोर चित्र म्हणून दिसलेली गोष्ट टिचकी मारल्यावर प्रोग्रॅम म्हणून चालू शकत होती. चोवीस वर्षांनंतर तीच चूक! आपल्याकडे घराण्याची गायकी असते, तशी या लोकांकडे घराण्याची चूक असते, आणि ती गंडा बांधूनच पुढच्या पिढीला दिली जाते.

मग पाटी वाचू नये, शेपूट पाहू नये, सरळ पोटात काय आहे ते तपासावं, असं कुणीही समंजस माणूस म्हणेल. आयफोननं तेही करून पाहिलं. आयमेसेजवर जीआयएफ आलं, म्हणजे ती सारखी हलणारी छोटी चित्रं आली, की ॲपलला वाटायचं, हे एकदा हलून थांबू नये, अखंड हलत राहावं. नाचणारं मांजर दमलेलं दिसलं तर गिऱ्हाइकाच्या मनाला काय वाटेल? म्हणून निरोप पडद्यावर यायच्या आधीच फोन ती फाइल हातात घेऊन तिची प्रत तयार करायचा. प्रत करणाऱ्या यंत्रणेनं शेपटाकडे दुर्लक्ष करून पोट तपासलं. नावात जीआयएफ, पोटात पीडीएफ! आता हे कळल्यावर थांबायचं, की ‘बरं, पीडीएफ तर पीडीएफ’ म्हणून तेही उलगडायचं? यंत्रणा कष्टाळू होती. तिनं उलगडलं.

त्या पीडीएफमध्ये जेबिग-टू नावाच्या एका जुन्या पद्धतीनं दाबून बसवलेलं चित्र होतं. ही पद्धत फॅक्स आणि स्कॅनरच्या जमान्यातली, काळी-पांढरी पानं कमी जागेत मावावीत म्हणून केलेली. ती उलगडणाऱ्या प्रोग्रॅममध्ये हिशेबाची एक चूक होती, आणि त्या चुकीतून आत शिरून हल्लेखोरांनी चित्र काढायच्या सत्तर हजारांवर सूचना रचून फोनच्या आत एक छोटा संगणकच उभा केला. गूगलच्या प्रोजेक्ट झीरोच्या संशोधकांनी त्याचं विश्लेषण डिसेंबर 2021 मध्ये केलं, तेव्हा त्यांनाही कौतुक लपवता आलं नाही. हे हत्यार होतं हेरगिरीचं सॉफ्टवेअर विकणाऱ्या इस्रायलच्या एनएसओ या कंपनीचं, तेच पेगाससवाले. टोरंटो विद्यापीठाच्या सिटिझन लॅबनं ते एका सौदी कार्यकर्त्याच्या फोनवर पकडलं आणि ॲपलनं 13 सप्टेंबर 2021 ला भोक बुजवलं. कुणी काही दाबलं नव्हतं, कुणी काही उघडलं नव्हतं. मांजर अखंड नाचावं, एवढीच इच्छा होती.

म्हणून “सेफ” फाइल म्हणजे काय, याचं माझं उत्तर मी आखडतं घेतलं आहे. चित्र हे चित्रच असलं तरी ते काढून दाखवणारा कुणीतरी प्रोग्रॅम असतो आणि तो माणसानंच लिहिलेला असतो. साध्या झिपचं उदाहरण घ्या. ‘42 डॉट झिप’ म्हणून एक प्रसिद्ध फाइल आहे, वजन 42 किलोबाइट. आत झिप, तिच्या आत झिप, असे थर उलगडत शेवटपर्यंत गेलं तर साडेचार पेटाबाइट, म्हणजे सुमारे पंचेचाळीस लाख गिगाबाइट बाहेर येतात. तिच्यात व्हायरस नाही, चोरी नाही, खोटं काही नाही. आत आहे ती नुसती पोकळ भर. पण आज्ञाधारकपणे सगळं उलगडत बसणाऱ्या प्रोग्रॅमचा जीव घ्यायला तेवढी पुरते.

“मग आधी विचारावं ना!” हा आपला पुढचा बाणेदार मुद्दा. ब्राउझर विचारतही होते. पण विचारल्यावर आपण काय करतो? ई-सेवा केंद्रातल्या मुलाला कधी काम करताना बघा. खिडकी उमटायच्या आधी त्याचं बोट तिच्या ‘ओके’वर असतं. ‘नेक्स्ट, नेक्स्ट, फिनिश’ हे तो संध्येच्या मंत्रासारखं म्हणतो, अर्थाकडे लक्ष न देता आणि चाल न चुकवता. हा स्वभाव जेसी रुडरमन या संशोधकानं 2004 मध्येच हेरला होता. त्यानं दाखवलं, की एखाद्या पानानं ‘तुम्ही माणूस आहात हे सिद्ध करण्यासाठी ओन्ली हा शब्द टाइप करा’ असं सांगितलं तर काय होईल. ओ, मग एन. एन दाबताच पान सॉफ्टवेअर बसवायची विनंती सोडतं आणि ‘बसवू का?’ असं विचारणारी खिडकी उगवते. तोवर बोटं पुढे गेलेली. एल. वाय. आणि वाय म्हणजे येस. माणूस असल्याचं सिद्ध झालं, ते असं. त्यावर उपाय म्हणून फायरफॉक्सनं अशा खिडक्यांमधलं होकाराचं बटण सुरुवातीला क्षण-दोन क्षण मुकं ठेवायला सुरुवात केली. आपला जीव वाचावा म्हणून केलेल्या त्या विलंबाला आपण काय म्हणालो? “हा संगणक फार स्लो झालाय.”

पुढे मार्च 2022 मध्ये फायरफॉक्सनंही ‘या फाइलीचं काय करू?’ हे विचारणं एरवीच्या डाउनलोडपुरतं सोडून दिलं आणि सरळ उतरवून घ्यायला लागला. मला त्यांचा राग येत नाही. रोज कुणी न ऐकता मान डोलावणार असेल, तर किती दिवस विचारायचं? क्रोममध्ये ‘या प्रकारच्या फायली नेहमी उघडा’ अशी सोय आहे, पण चालवायच्या प्रोग्रॅमसारख्या घातक प्रकारांना ती मिळत नाही, एवढा शहाणपणा आहे. बाकी सगळा भरवसा आपल्या बोटावर. आणि आपलं बोट ही या सगळ्या साखळीतली सर्वांत आपोआप चालणारी वस्तू आहे.

याचा पुरावा अलीकडे व्हॉट्सॲपवर येतो, लग्नाची पत्रिका होऊन. नाव ‘वेडिंग इन्व्हिटेशन’ असं काहीतरी, शेपूट ‘एपीके’. एपीके म्हणजे अँड्रॉइडवर बसवायचं ॲप. हे बसलं की एसएमएस वाचायची परवानगी मागतं, बँकेचे ओटीपी परस्पर पळवतं आणि तीच पत्रिका तुमच्या नावानं तुमच्या सगळ्या ओळखीच्यांना धाडतं. पोलिसांनी सावध केलं, 1930 हा मदतीचा क्रमांक वारंवार सांगितला. फोननंही आपलं कर्तव्य केलं. अँड्रॉइड 8 पासून, म्हणजे 2017 पासून, तो बाहेरून आलेलं ॲप बसवताना आधी परवानगी मागतो. आपण परवानगी देतो. कारण ज्यानं कुणी हे रचलं, त्यानं प्रोग्रॅमिंगपेक्षा आपला अभ्यास जास्त केलेला आहे. मराठी माणूस आयकराची नोटीस आठवडाभर न फोडता ठेवेल, पण पत्रिका? ती आधी उघडायची आणि मग ‘कुणाची आहे ही?’ असं विचारायचं. त्यातही नवरा-नवरी कोण हे सर्वांत शेवटी. आधी निमंत्रकांची यादी: आपलं नाव आहे का, असेल तर कुणाच्या खाली आहे आणि त्याच्या खाली ते मुद्दाम घातलंय का. मग भोजनाची वेळ. मग ‘आहेर आणू नये’ आहे की नाही. मग ‘आमच्या काकाच्या लग्नाला यायचं हं’ म्हणणाऱ्या किलबिलीत आपल्या नातवाचं नाव गाळलंय का. एवढा ऐवज आत असताना फोन विचारतो, ‘हे ॲप अज्ञात स्रोताकडून आलंय, चालेल?’ अज्ञात कसलं, आपल्यातलंच असणार कुणीतरी!

शेवटी इशारे पोचले, पण आपल्याकडे कुठलाही इशारा पोचला की तो नको तितका पोचतो. गेल्या लग्नसराईत एका वरपित्यानं घरच्या कार्याची खरीखुरी पत्रिका, व्यवस्थित पीडीएफ, गणपतीच्या चित्रासकट, सगळ्या नातेवाइकांना पाठवली. निळ्या खुणा दिसल्या, उत्तर एकाचंही नाही. म्हणून फोन लावले.

“पत्रिका मिळाली ना?”

“मिळाली हो, पण उघडली नाही. ग्रुपवर आलं होतं, पत्रिका उघडू नका म्हणून.”

“अहो, पण माझ्या मुलाचं लग्न आहे!”

“ते ठीक आहे, अभिनंदन. पण फाइल कसली आहे?”

पीडीएफ म्हणजे काय आणि ती एपीके कशी नव्हे, हे तिसऱ्या मावशीला समजावून झाल्यावर त्यांचा धीर सुटला. त्यांनी पत्रिका छापून घेतल्या, हळदीकुंकवाची बोटं लावली, पिशवीत अक्षता टाकल्या आणि बायकोला घेऊन रिक्षानं निघाले. पहिल्याच घराची बेल वाजवली. आतलं दार उघडलं, बाहेरचं सेफ्टी डोअर बंदच राहिलं. जाळीपलीकडून त्यांच्या सख्ख्या आत्तेबहिणीनं दोघांना नीट न्याहाळलं आणि म्हणाली, “आलास का दादा! दे, पत्रिका तिथूनच आत सरकव.”